हुर्राकाच्या दिवसांत

(दृश्य: गोव्यातला सत्तरी तालुका, मार्चअखेर. काजूची बाग, पहाट.)

मार्च सरत आला की सत्तरीत वाऱ्यालाच वास लागतो. पिकल्या बोंडूंचा, गोड, जरासा आंबूस. पाहुण्यांना तो आवडतो. हा माणूस मात्र खिडकी लावून घेतो.

त्याचं नाव आपण घेणार नाही. तो ज्या सभांना जातो, तिथला दंडकच तसा आहे.

(दृश्य: भट्टी. धूर.)

बोंडू कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडीत, तुडवायचे, रस आंबवायचा, भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, ओतून खाली जाळ घालायचा. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा उकळली की फेणी. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याला तिचा अभिमान आहे, आणि असावाही. फेणीला दोष तोसुद्धा देत नाही. "भट्टीवर आम्ही दहा जण. नऊ जण पिऊन घरी जायचे. मी तिथंच झोपायचो."

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात केळी विकायला पाठवलेला तो सोमवारी परतायचा. केळी नाहीत, पैसे नाहीत.

एकदा त्यानं स्वतःच्या हिमतीवर सोडली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांच्या रांगा चालू लागल्या, फक्त त्यालाच दिसणाऱ्या. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर असं होतं, जिवावरही बेततं. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं काम. म्हणून चमत्काराची वाट बघणाऱ्यांना तो आधीच सांगतो: "पहिलं इस्पितळ, मग देव."

(दृश्य: चर्चशेजारचा हॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या.)

इस्पितळाच्या वॉर्डातल्या शेजाऱ्यानं त्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या निनावी मंडळाच्या, सभेला नेलं. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून उभी राहिलेली ही चळवळ कुठल्याच चर्चची नाही. देव ज्याला जसा उमगेल तसा, एवढंच तिथं म्हणतात. फक्त हा हॉल चर्चचा होता आणि भिंतीवर क्रूस होता. सभा संपली की खुर्च्या रचायचं काम त्यानं अंगावर घेतलं. घरी लवकर जायची भीती वाटायची, दुसरं काही नाही. वाटेत तीन बार होते.

तिथल्या कपाटात त्याला मराठी नवा करार सापडला. उधळ्या मुलाची गोष्ट त्यानं उभ्या उभ्या वाचली. सगळं उडवून मुलगा परत येतो, आणि बाप त्याला लांबूनच पाहून धावत सुटतो. "बाप धावला," तो आजही थांबून म्हणतो. "आमच्यात बाप धावत नाही. दारात उभा राहतो."

चर्चमधली प्रार्थना कोंकणीत, पुस्तक रोमी लिपीत. ते त्याला वाचता येईना. मग फादरनी 'क्रिस्तपुराण' हातात ठेवलं. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनं ते मराठी ओव्यांत रचलं, आणि १६१६ साली रायतूरला ते छापलं गेलं. जुनी भाषा अडखळवते. पण आजीच्या जात्यावरच्या चालीत म्हणून पाहिलं, तर ओवी बसली.

बाप्तिस्म्याची घाई त्याला होती, फादरना नव्हती. त्यांनी वर्षभर थांबवलं.

चवथीला घरच्या गणपतीवरची माटोळी, फळापानांची ती टांगती चौकट, आजही तोच बांधतो. काहींना हे खटकतं, दोन्ही बाजूंच्या.

(दृश्य: रात्र. चर्चबाहेर पेटवलेला अग्नी, त्यावरून लावलेली उंच मेणबत्ती.)

प्रौढांचा बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. आणि ईस्टर येतो नेमका हुर्राकाच्या दिवसांत. त्या रात्री डोक्यावर पाणी घेऊन तो स्कूटरनं निघाला, तेव्हा वाटभर बोंडूंचा वास होता. हेल्मेटची काच त्यानं खाली ओढली.

आई ओट्यावर जागी होती. चर्चमध्ये आली नव्हती.

"दारू सोडलीस ते बरं केलंस, बाबू. पण देव कशाला सोडलास?"

तो काही बोलला नाही. ती उठली, जवळ आली आणि इतकी वर्षं रोज रात्री हुंगायची तसं तिनं त्याचं तोंड हुंगलं.

मग आत जाऊन पेज गरम करायला ठेवली.