गवताचे पैसे कोणाला?

(दादर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

‘ग्रास-फेड’, म्हणजे शेवटपर्यंत गवतावर वाढवलेल्या जनावराचं मांस, हा विषय अमेरिकेतून आलाय, तेव्हा आधी तिथलं सांगतो. तिथे वासरू सुरुवातीला कुरणात चरतं. मग शेवटचे काही महिने त्याला फीडलॉटमध्ये, म्हणजे बंदिस्त वाड्यात, कोंडून मका चारतात आणि झटपट वजनावर आणतात. शेवटपर्यंत गवतावर ठेवलं तर वजन भरायला कित्येक महिने जास्त लागतात, जमीनही जास्त लागते. महागाई आहे ती या वेळेची आणि जमिनीची. जनावर जास्त जगतं म्हणून किलोमागे मिथेनही, म्हणजे जनावराच्या ढेकरांतून निघणारा, हवा तापवणारा वायू, बहुधा जास्तच पडतो. ते पाकिटावर छापत नाहीत.

फायदे खोटे नाहीत. चरबी कमी, ओमेगा-३ जास्त, ई जीवनसत्त्व आणि कॅरोटीन जास्त. पण ‘जास्त’ म्हणजे किती? गोमांसात ओमेगा-३ मुळातच चिमूटभर. ते दुप्पट झालं तरी भाऊच्या धक्क्यावरचा बांगडा त्याला कुठल्या कुठे मागे टाकतो. ओमेगा-३ साठी जादा पैसे मोजायला निघालेल्या मुंबईकराला मी सरळ कोळणीकडे पाठवीन.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात गोहत्याबंदी जुनी, २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. राहिलं म्हशी-रेड्याचं मांस, आणि बहुतेकांच्या रविवारचं मटण. हल्ली मटणाच्या पाकिटांवरही तोच ‘ग्रास-फेड’चा शिक्का दिसतो. कुणीतरी सांगतं, चरबी पिवळसर बघून घ्या, म्हणजे गवतावरचं. ही खूण गाईची! शेळी आणि म्हैस कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकतात. त्यांची चरबी पांढरीच राहते, मग ती रानात चरोत की गोठ्यात मका खावोत.

शिवाय शेळी गवत खाते तरी किती? रानात सोडली की मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीचा, बाभळीचा पाला ओरबाडते, शेंगा वेचते, अगदीच नाइलाज झाला की खाली तोंड घालते. उस्मानाबादी शेळी अशीच वाढत आली. मुंबईत देवनारच्या जनावरांच्या बाजारात परराज्यांतून उतरणाऱ्या बोकडांतही चरून आलेले पुष्कळ असतात, फक्त त्यांच्यावर शिक्का नसतो. उलट बंदिस्त शेळीपालन वाढतंय: मुरघास (मुरवलेला हिरवा चारा), मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड. त्यात वाईट काही नाही. बोकड लवकर भरतो, आणि आपल्याला मटण कोवळंच हवं असतं. खाटकाला ‘आदत द्या’ (म्हणजे दुधाचे दात न पडलेला, कोवळा बोकड) म्हणायचं आणि सावकाश चरून वाढलेलंही मागायचं, हे दोन्ही एकदम कसं जमणार?

चराईचा खर्च मात्र कुणीतरी भरतोच. तिथे अमेरिकेत रँचवाला, म्हणजे कुरणांचा मालक, भरतो आणि गिऱ्हाइकाकडून वसूल करतो. इथे धनगर चालतो. शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो, त्यावर त्याचा प्रवास निघतो. पण गायरानांवर अतिक्रमण झालंय, रोपवनांत चराईबंदी आहे, वाटेत कुंपणं आलीत. तोही वैतागून भरड्याकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून पाकिटाला जादा पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा: बोकड कुठल्या तालुक्यातला, उन्हाळ्यात काय खात होता, आणि चारणाऱ्याला वर किती मिळाले? पहिल्या प्रश्नालाच तो फ्रीजरकडे बघायला लागला, तर नेहमीच्या खाटकाकडे जा. तो निदान गावाचं नाव तरी सांगेल.