चरा कुठल्या बाजूला आहे?

रोल धुऊन वाळला, पट्टी उजेडासमोर धरली, आणि फोटो बघायच्या आधीच नजर गेली ती आभाळातून आडव्या गेलेल्या रेघेवर. फिल्म कॅमेरा वापरणाऱ्या कुणाच्याही पोटात गोळा येतो तो इथेच.

जरा थांबा. हीच पट्टी दिव्याखाली तिरकी धरून बघू. एक बाजू चकचकीत दिसते. तो फिल्मचा पाया, नुसतं पारदर्शक प्लास्टिक, साधारण 0.13 मिलिमीटर जाड. दुसरी बाजू मंद. तिथे जिलेटिनचा पातळ थर आहे, इमल्शन, आणि फोटो असतो तो त्यातच.

चकचकीत बाजूला चरा पडला तर फोटोला धक्का लागत नाही. प्रिंटचा कागद उजेड पडेल तिथे काळा होतो; चऱ्याशी उजेड फाकतो, कागदावर कमी पोचतो, आणि प्रिंटवर पांढरी रेघ येते. इमल्शन खरवडलं गेलं, तर मात्र तेवढा फोटो गेलाच. उजेड आरपार जातो, रेघ काळी उमटते. रंगीत निगेटिव्हमध्ये रंगांचे तीन थर एकावर एक असतात, त्यामुळे चऱ्याची खोली रंगावरून कळते: वरचा थर गेला तर प्रिंटवर पिवळी, त्याखालचाही गेला तर लाल, तिन्ही गेले की काळी.

पायावरच्या चऱ्याला डार्करूममध्ये एक जुना इलाज आहे. हसू नका, पण नाकाच्या कडेला बोट फिरवायचं आणि ते तेलकट बोट चऱ्यावरून हलकेच न्यायचं. तेल आणि प्लास्टिक, दोन्हींतून उजेड जवळपास सारखाच वळतो. खाच तेलाने भरली की रेघ दिसेनाशी होते. सिनेमाची जुनी रिळं द्रवात बुडवून स्कॅन करतात, त्यामागचं तत्त्व हेच.

मग चरा पाडला कुणी? दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या जागेवरूनही रेघ सरळ पुढे गेली असेल, तर ती फिल्म सरकताना पडली. कॅमेऱ्यात इमल्शन लेन्सकडे असतं आणि पाठ प्रेशर प्लेटला, म्हणजे फिल्म सपाट दाबून धरणाऱ्या पट्टीला, टेकते. म्हणून चकचकीत बाजूची रेघ दिसली की आधी प्लेट तपासायची. मंद बाजूची असेल तर फिल्म ज्यांवरून सरकते ते रूळ आणि रोलर. रोलच्या डबीच्या तोंडाशी मखमल असते, तिच्यात अडकलेला वाळूचा एक कण 36 च्या 36 फ्रेम चिरत नेतो. संशय कॅमेऱ्यावर असेल, तर एक रोल नुसता फिरवून, न धुताच उजेडात उघडून बघावा. रोल वाया जातो, पण दोष लॅबचा की कॅमेऱ्याचा ते कळतं.

खरं सांगायचं तर कॅमेऱ्याला बरेचदा उगाच बोल लागतो. ओलं जिलेटिन फुगून मऊ झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच लोक पाणी निपटायला त्यावरून बोटं किंवा रबरी पट्टी ओढतात. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, वेटिंग एजंटचे (पाणी थेंबांनी न साचता निथळू देणाऱ्या द्रावणाचे) थेंब टाका, आणि पट्टी तशीच टांगून ठेवा.

स्कॅनरची इन्फ्रारेड सफाई, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने चरे ओळखून ते पुसणं, रंगीत फिल्मवर छान चालते, कारण रंगातून इन्फ्रारेड आरपार जातो आणि चरा तेवढा वेगळा दिसतो. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधली चांदी मात्र तो अडवते, त्यामुळे तिथे ही सोय नाही. तिथे प्रिंटवर हाताने काम करायचं. पांढरी रेघ बारीक ब्रशने, पातळ रंगाचे ठिपके देत भरता येते. काळी खरवडायला ब्लेडचं टोक, आणि त्याला हात स्थिर लागतो.