दगड नसलेल्या देशातली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ जिल्ह्यात कुठेही खणा, गाळच लागतो. गंगेने आणि तिच्या उपनद्यांनी हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. खडक म्हणून नाहीच. आपल्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला याची कल्पना येणं अवघड, कारण आपल्याला दगड नको तितका मिळतो. आणि अशा या मातीत अश्मयुगातली माणसं राहत होती. दगडाच्या हत्यारांवर पोट असलेली माणसं दगडच नसलेल्या मुलखात कशाला आली असतील?

आली ती पाण्यासाठी. गंगेच्या खोऱ्यातल्या नद्या आपली वाट बदलत राहतात. एखादं मोठं वळण प्रवाहापासून तुटतं आणि मागे घोड्याच्या नालेच्या आकाराचं तळं उरतं. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्याला नालाकृती सरोवर म्हणतो. अशा तळ्यांत मासे, कासवं, काठाला गवत, गवतात हरणं, वरून पाणपक्षी. पोट भरायला आणखी काय हवं? या तळ्यांच्या काठी मध्याश्मयुगातल्या, म्हणजे अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातल्या, दोनशेच्या आसपास जागा सापडल्या. मोठं उत्खनन झालं ते तीनच ठिकाणी: सराय नाहर राय, महदहा आणि दमदमा. काम अलाहाबाद विद्यापीठाचं, सुरुवातीला प्रा. जी. आर. शर्मा यांच्या नेतृत्वाखाली. महदहाची जागा तर 1978 मध्ये कालवा रुंद करताना उजेडात आली.

आता हत्यारांकडे या. नखाएवढी, काही त्याहून बारीक. चर्ट, कॅल्सेडनी असले दगड दक्षिणेला विंध्याच्या रांगेतून, म्हणजे वाटेत गंगा पार करून आणलेले. इतक्या लांबून आणलेला दगड कोण वाया घालवणार? ज्या गाभ्यावरून पाती काढायची, तो गाभा बोटात धरवेना इतका लहान होईपर्यंत वापरलेला दिसतो. पाटे-वरवंटेही मिळाले, तेही बाहेरूनच आलेल्या वालुकाश्माचे. बारीक पाती कमरेच्या पिशवीत येतील हो, पण पाटा? तो माणूस उगाच वाहून नेत नाही.

मेलेल्यांना त्यांनी राहत्या जागेतच पुरलं. एकट्या दमदम्याला 41 थडगी मिळाली. सराय नाहर रायला एकाच खड्ड्यात चौघं होती, आणि तिथल्याच एका सांगाड्याच्या बरगडीत दगडी बाणाचं टोक रुतलेलं आढळलं. महदह्याला एकाच्या गळ्यात हाडाच्या कड्यांची माळ होती. म्हणजे भांडण होतं आणि नटणंही होतं. या सगळ्याचा काळ नेमका किती जुना, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मिळालेल्या तारखा एकमेकींपासून फार लांब पडतात. सर्वांत जुनी दहा हजार वर्षांच्या पलीकडे जाते.

पण खरा वाद दुसराच. शर्मांचं म्हणणं असं होतं, की विंध्यातली माणसं तिकडे पाऊस कमी झाल्यामुळे इकडे उतरली आणि ऋतूप्रमाणे ये-जा करत राहिली. दगड विंध्यातला, तेव्हा माणूसही तिथलाच, हा तर्क सरळ वाटतो. पुढे दमदम्याची प्राण्यांची हाडं आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अभ्यासली गेली. पी. के. थॉमस आणि प्रमोद जोगळेकर यांनी ती पाहिली. जळक्या बिया मुकुंद काजळे यांनी तपासल्या. ही हाडं, सांगाड्यांचा अभ्यास आणि इतक्या थडग्यांचा पुरावा जमेला धरून पुढच्या अनेक अभ्यासकांनी मांडलं, की ही माणसं वर्षभर इथेच असावीत. मलाही तेच पटतं. विंध्यात ती दगडासाठी जात असतील, बाजाराला जावं तशी.

त्या तळ्यांपैकी बरीच आता गाळाने भरली, काहींवर शेती होते. उरलेल्या जागा बहुतेक न खणलेल्या आहेत, आणि शेत सपाट करायला ट्रॅक्टर फिरला की वरचा थर जातो. घाई तिथे आहे.