जुन्या ओंडक्याची कुळकथा

मंडळी, विषय आहे ‘वापरलेलं ड्रिफ्टवुड टाकीयोग्य कसं करावं’, म्हणजे माशांच्या टाकीत सजावटीला ठेवायचा जुना ओंडका कसा तयार करायचा. त्यावर येतोच, पण आधी मनात साचलेलं बोलू द्या. आपल्या छंदात ‘उकळलं की झालं’ हा समज फार पसरलाय. उकळल्याने काय साधतं? गोगलगायींची अंडी, शेवाळ, परजीवी मरतात, टॅनिन, म्हणजे लाकडातलं तपकिरी रंगाचं द्रव्य, सुटायला लागतं, लाकूड लवकर बुडतं. एवढंच.

माझे एक स्नेही. कोणी टाकी बंद करत होतं, त्यांच्याकडून फांद्याफांद्यांचा सुरेख ओंडका आणला. घासला, मोठ्या पातेल्यात तासन्‌तास उकळला. पातेलं घरातलंच होतं, त्यावर काय महाभारत झालं ते इथल्या विवाहितांना सांगायला नको! ओंडका चेरी श्रिंपच्या, म्हणजे छोट्या लाल कोळंबीच्या, नव्या टाकीत गेला. मासे मजेत, श्रिंप मात्र रोज सकाळी एकदोन आडवे. टाकीतली नेहमीची विषं तपासली, तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. शेवटी ओंडका देणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “अहो, माशांवर व्हाइट स्पॉट, तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, आला होता तेव्हा कॉपरचं औषध घातलं होतं, पण त्याला वर्ष झालं.”

वर्ष झालं म्हणून तांबं उडून जात नाही! कॉपर सल्फेट म्हणजे आपला मोरचूद. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात तोच. लाकूड तांबं धरून ठेवतं, पाणी आम्लधर्मी झालं की थोडंथोडं सोडतं. मासे सोसतात तेवढ्या तांब्यात श्रिंप आणि गोगलगायी मरतात. श्रिंपच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य स्वतः तांब्याचं असतं, तरीही! म्हणून लाकूड विकणाऱ्याने औषधांचा इतिहास न विचारता सांगायला हवा. तो लपवणं मला अक्षम्य वाटतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर पटापट सांगतो.

आधी चौकशी. कॉपर वापरलं असेल किंवा माहीतच नसेल, तर तो ओंडका श्रिंपच्या टाकीत नको. बादलीत भिजवून कॉपर किटने पाणी तपासा, पण किटने शून्य दाखवलं तरी श्रिंपसाठी त्यावर विसंबू नका. मग पाहणी करा. स्टेपल, खिळा, वॉर्निशची चकाकी दिसते का? नखाने दाबून बघा, मऊ पडलेला भाग खरवडून काढा. साबण अजिबात नको, कडक ब्रश पुरे. पातेलं वेगळं ठेवा. मोठा ओंडका आधी एका टोकाने, मग उलटून दुसऱ्या टोकाने उकळा. ब्लीच मी टाळतो, कारण लाकूड ते शोषून घेतं. वापरलंच तर नंतर हायपोच्या, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या, पाण्यात भिजवून कडक उन्हात पूर्ण वाळवा.

चहासारखं पाणी झालं तर घाबरू नका. ते टॅनिन आहे, आणि कार्डिनल टेट्रा हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो नदीच्या तशाच पाण्यात राहतो. बोअरचं जड पाणी असेल तर पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, फारसा हलणारही नाही. रंग नकोच असेल तर भिजवण्याचं पाणी बदलत राहा. तरंगणारा ओंडका स्लेटच्या फरशीला स्टेनलेस स्क्रूने बांधा. ओंडक्यावर पांढरा बुळबुळीत थर आला तर तो निरुपद्रवी आहे, काही आठवड्यांत आपोआप जातो. गोगलगायी तर तो आवडीने खातात. आता प्रश्न विचारा, पटकन.