डिस्चार्जनंतरचे नव्वद दिवस

(व्यसनमुक्ती केंद्रांतले समुपदेशक आणि ग्रामीण रुग्णालयांतले डॉक्टर यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. व्यसनमुक्ती केंद्राच्या माहितीपत्रकावर छापलेल्या टक्क्यापासून सुरुवात करू. ‘यशाचं प्रमाण ७० टक्के.’ हा आकडा निघतो कसा? समजा, वर्षभरात १०० जण उपचार घेऊन घरी गेले. वर्षानंतर फोन केले तेव्हा ६० जण सापडले आणि त्यातले ४२ म्हणाले, आता घेत नाही. ४२ भागिले ६०, झाले ७० टक्के. उरलेल्या ४० जणांचं काय? कुणाचा नंबर बंद, कुणी उचलत नाही, कुणाची बायको ‘ते बाहेर गेलेत’ म्हणून फोन ठेवते. पुन्हा सुरू केलेले याच चाळिसांत जास्त असणार, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून अनेक अभ्यासांत जो सापडला नाही तो पितोय असंच धरतात. तसं धरलं की सत्तरचे बेचाळीस होतात.

आणि बेचाळीसची लाज वाटायचं काही कारण नाही. २००० साली मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दमा यांच्याशी केली. उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात. रक्तदाबाच्या नि दम्याच्या रुग्णांतही गोळ्या सोडणं आणि त्रास उलटणं याच घरात किंवा त्याहून जास्त आहे. फरक आपल्या वागण्यात आहे. बीपी वाढलं तर आपण गोळी बदलतो. दारू सुरू झाली तर ‘याला सुधारायचंच नाही’ म्हणतो.

आता उपचाराकडे. पहिले पाच-सात दिवस शरीराचे असतात. शेवटचा पेग घेतल्यापासून ६ ते १२ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळ होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त. तिसऱ्या दिवसाच्या आसपास काहींना डिलिरियम होतो: भिंतीवर किडे दिसतात, दिवस की रात्र ते कळत नाही, ताप चढतो. यावर क्लोरडायझेपॉक्साइड हे मेंदू शांत करणारं औषध देऊन ते रोज थोडं थोडं कमी करत आठवड्याभरात बंद करायचं. लिव्हर खराब असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम. चूक होते ती चिठ्ठीत. तीस गोळ्यांची चिठ्ठी हातात देऊन घरी पाठवलं, की तो माणूस दारूही पितो आणि वर गोळ्याही खातो. श्वास मंदावून जिवावर बेततं. दोन-तीन दिवसांच्याच गोळ्या द्या, त्याही घरच्यांच्या हाती.

दुसरी चूक गल्लीतल्या दवाखान्यात रोज होते. पिणारा गळून गेलाय, चार दिवस जेवला नाही, म्हणून आधी ग्लुकोजची बाटली लावतात. अशा माणसाच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१, आधीच संपत आलेलं असतं. ग्लुकोज जाळायला ते लागतं. उरलंसुरलं संपलं की मेंदूला इजा होते: डोळे नीट फिरत नाहीत, तोल जातो, गोंधळ उडतो आणि पुढे स्मृती कायमची जाऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आहे. बाटलीच्या आधी किंवा निदान बाटलीबरोबर ते गेलंच पाहिजे, आणि शिरेतून किंवा दंडात. पिणाऱ्याच्या आतड्यातून गोळी फारशी शोषली जात नाही.

एवढं झालं की नातेवाइकांना वाटतं, सुटला. खरं तर फक्त शरीर रिकामं झालेलं असतं.

ओढ कमी करणारी औषधं आपल्याकडे मिळतात, पण लिहून फार कमी दिली जातात. नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. पिण्यातली मजा ते बोथट करतं. २०२३ सालच्या एका मोठ्या आढाव्यात हिशेब असा निघाला, की साधारण ११ जणांना हे दिलं तर एक जास्तीचा माणूस बेसुमार पिण्याकडे परत जात नाही. ऐकायला कमी वाटतं, पण नेहमीच्या आजारांवरची कितीतरी औषधं याहून सरस नाहीत. ट्रॅमाडॉल किंवा कोडीनचं सिरप अशी अफूच्या जातीची औषधं घेणाऱ्याला मात्र हे देऊ नका, एकदम तीव्र विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होतं. अकॅम्प्रोसेटचा हिशेबही तसाच, तो पूर्ण बंद राहण्यासाठी. पण ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या तीन वेळा, म्हणजे रोज सहा. दुपारचा डोस हमखास चुकतो. औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून किडनीची तपासणी, म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन, बघितल्याशिवाय सुरू करायचं नाही.

तिसरं डायसल्फिराम. त्यावर दारू घेतली की अॅसिटाल्डिहाइड साचतं: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी खाली. याबद्दलचा एक गाजलेला अभ्यास आपल्या मुंबईतला आहे, २००४ सालचा. १०० पुरुष, निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन, वर्षभर. शेवटी डायसल्फिरामवाले ८६ टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनवाले ४४ टक्के. पण या शंभरातल्या प्रत्येकाच्या घरी औषधाकडे लक्ष देणारं माणूस होतं, अशांनाच निवडलं होतं. आणि कुणाला काय मिळतंय हे सर्वांना माहीत होतं. तसं असणंच भाग होतं, कारण डायसल्फिराम काम करतं ते मुख्यतः धाकानं. बायको किंवा आई रोज सकाळी समोर उभी राहून गोळी देते, तिथं ते चालतं. एकट्या राहणाऱ्याच्या हाती पाकीट दिलं तर गोळी खिडकीतून बाहेर जाते.

म्हणूनच ‘रुग्णाच्या नकळत जेवणातून द्या’ अशा जाहिरातींबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. त्या पावडरीत काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नसेल तर पैसे गेले. असेल तर हृदयविकाराचा माणूस बारमध्ये कोसळू शकतो आणि का कोसळला हे कुणालाच कळत नाही. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो, हे घरच्यांना कोण सांगणार? माहिती आणि संमती नसेल तर हे औषध द्यायचंच नाही.

औषधाबरोबर बोलणं लागतं. कोणत्या पद्धतीचं? अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ने १,७२६ लोकांवर तीन पद्धती तपासल्या. कोणत्या माणसाला कोणती पद्धत लागू पडेल हे शोधायचं होतं. १९९७ साली निकाल आला: तिन्ही जवळजवळ सारख्याच. तेव्हा ‘एए’च्या, म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या स्वमदत गटांच्या, बारा पायऱ्या चांगल्या की समुपदेशन, या वादात फार शक्ती घालवू नये. कोण, किती लवकर आणि किती जणांपर्यंत पोचतो, हे जास्त महत्त्वाचं. २०१९ साली केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळतो. एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?

याचं उत्तर गोव्यात शोधलं गेलं. ‘संगत’ संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ताप-खोकल्यासाठी आलेल्या पुरुषांना पिण्याची समस्या किती आहे ते मोजणारी ‘ऑडिट’ प्रश्नावली विचारली. दहा प्रश्न, ४० गुण. १२ ते १९ गुणांचे, म्हणजे नुकसान होतंय पण पुरते अवलंबून नाहीत असे, ३७७ जण घेतले. निम्म्यांशी स्थानिक समुपदेशक बोलले. मानसशास्त्राची पदवी नसलेले, त्याच कामासाठी प्रशिक्षण दिलेले लोक. जास्तीत जास्त चार भेटी, प्रत्येक ३०-४५ मिनिटांची, केंद्रात किंवा घरी.

पहिल्या भेटीत हिशेब मांडायचा. ‘मी फक्त एक क्वार्टर घेतो’ म्हणणाऱ्यासमोर कागदावर लिहा: १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम. एक प्रमाण पेग १० ग्रॅमचा, म्हणजे झाले सहा. ‘मी दारू नाही, बिअर घेतो’ म्हणणाऱ्याची ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग म्हणजे चार. उपदेश करू नका, कागद त्याच्या हातात द्या. पुढच्या भेटींत नाही कसं म्हणायचं, मित्रांचा आग्रह कसा मोडायचा, राग आणि काळजी यांचं काय करायचं, आणि पुन्हा घसरू नये म्हणून काय करायचं.

तीन महिन्यांनी गुण आठच्या खाली आलेले ३६ टक्के, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. वर्षानंतर ५४ आणि ३२. मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यालेले वर्षानंतर ४५ आणि २६ टक्के. गुण आठच्या खाली येण्यातली दरी वेळेबरोबर वाढली, हे विशेष. पण जे पीत राहिले त्यांच्या पिण्याचं प्रमाण तीन महिन्यांनी कमी झालेलं नव्हतं, आणि बायकोला मारहाण करण्यातही फरक दिसला नव्हता. घरातल्या हिंसेवर वेगळं काम लागतं. दारू सुटली की ती आपोआप थांबेल असं कुणाला सांगू नका. शिवाय २० गुणांच्या वरचा माणूस चार भेटींत बरा होईल असंही या अभ्यासातून निघत नाही. त्याला आधी सांगितलेली औषधं लागतात.

ब्राउन शुगरबद्दल, म्हणजे हेरॉइनबद्दल, दोनच वाक्यं, कारण तिथे नियम उलटा आहे. नुसतं डिटॉक्स करून, म्हणजे शरीरातून नशा उतरवून, सोडलं तर शरीराची डोस पचवण्याची ताकद उतरलेली असते, जुन्या मापाचा डोस घेतला की मृत्यू. म्हणून हेरॉइनच्या जागी दिलं जाणारं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दीर्घकाळ चालू ठेवणं हाच तिथला उपचार.

आता नव्वद दिवस. १९७१ साली हंट आणि सहकाऱ्यांनी हेरॉइन, सिगरेट आणि दारू सोडलेल्यांचे आलेख एकत्र मांडले. तिन्ही रेषा सारख्याच: बहुतेक घसरण पहिल्या तीन महिन्यांत, मग रेष सपाट होत जाते. आपला पैसा आणि माणसं मात्र भरतीच्या महिन्यावर खर्च होतात, डिस्चार्जला हार घालून आपण निरोप देतो. पुढची तारीख माणूस गेटबाहेर पडण्याआधी ठरलेली हवी, आठवड्याच्या आतली. दोन नंबर घ्या, एक त्याचा आणि एक घरच्याचा, आणि दोन्ही त्याच्यासमोर लावून बघा. पहिला महिना दर आठवड्याला फोन, नंतर पंधरवड्याला. प्रश्न तीनच: मागच्या फोननंतर घेतली का? गोळ्या किती उरल्यात? येत्या आठवड्यात कुठलं लग्न, जत्रा, पगार? तिसऱ्या प्रश्नावर पुढचा फोन ठरतो. हळदीच्या रात्रीनंतर केलेल्या फोनचा काय उपयोग? गटारीच्या दोन दिवस आधी सगळ्या यादीला फोन गेला पाहिजे.

घेतली म्हणाला तर पुन्हा महिनाभराची भरती हे पहिलं उत्तर नव्हे. किती घेतली, कधी, हात थरथरतात का, ते विचारा. एक रात्र घेतली असेल तर दुसऱ्या दिवशी भेटायला बोलवा आणि औषध पुन्हा नीट बसवा. डायसल्फिराम चालू असताना घेतली असेल किंवा विथड्रॉवल दिसत असेल तर थेट रुग्णालय. गाडी पाठवून उचलून आणायची तर सोयच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-ड्रग्जशी निगडित स्थितींनाही लागू आहे आणि संमतीशिवाय भरती करायची ठरावीक प्रक्रिया त्यात दिली आहे. शिवाय उचलून आणलेला माणूस पुढे आपला फोन उचलणार नाही.

जाता जाता तंबाखू. ‘एका वेळी एकच सोडू द्या’ म्हणून केंद्रातच पुडी पुरवतात. २००४ च्या एका आढाव्यात उलटं दिसलं: व्यसनाच्या उपचाराबरोबर धूम्रपान सोडण्याचीही मदत मिळालेले लोक दारू-ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त होती. हे सिगरेटबद्दल आहे, मळलेल्या तंबाखूबद्दल नाही. तरी पुडी वाटायचं समर्थन त्यानंतर उरत नाही.