घरबसल्या जनुकीय चाचणी आणि खोटा दिलासा

मित्रहो, रोगाचा धोका आधीच सांगणाऱ्या जनुकीय चाचण्या आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागवता येतात. त्यांच्याबद्दल बोलताना ‘त्या लोकांना उगीच घाबरवतात’ अशी तक्रार नेहमी होते. मला मात्र त्यांच्यामुळे मिळणाऱ्या दिलाशाची चिंता अधिक वाटते, आणि ती एका उदाहरणाने स्पष्ट करतो.

अमेरिकेतील ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ ही कंपनी २००६ साली स्थापन झाली. नळीत लाळ भरून पाठवायची आणि काही आठवड्यांनी अहवाल वाचायचा, अशी तिची पद्धत. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने तिच्या आरोग्यविषयक चाचणीच्या विक्रीला हरकत घेतली. पुढे २०१७ मध्ये दहा आजारांच्या अहवालांना आणि मार्च २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या जनुकांच्या चाचणीला परवानगी दिली.

ही परवानगी केवळ तीन उत्परिवर्तनांपुरती, म्हणजे जनुकातील तीन ठरावीक बदलांपुरती होती. या दोन जनुकांत रोगकारक ठरणारी उत्परिवर्तने एक हजाराहून अधिक आहेत, हे प्रशासनाने त्याच वेळी सांगितले होते. निवडलेली तीन उत्परिवर्तने अश्केनाझी ज्यू (मध्य व पूर्व युरोपातील ज्यू) वंशाच्या सुमारे २ टक्के स्त्रियांमध्ये आढळतात; इतर समाजांत ती अतिशय विरळ आहेत. आता न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या मराठी स्त्रीचा विचार करा, जिच्या आईला आणि मावशीला तरुण वयात स्तनाचा कर्करोग झाला होता. ती तीन उत्परिवर्तने तिच्यात नाहीत, असा अहवाल आला, तर तो खोटा नाही. पण चाचणीपूर्वी जे जवळजवळ गृहीत धरता आले असते, त्यात त्याने काहीच भर घातली नाही. जाड ग्रंथातल्या ठरावीक तीन ओळी तपासून संपूर्ण ग्रंथ निर्दोष असल्याचे कोणी सांगत नाही. २०२३ मध्ये तपासल्या जाणाऱ्या उत्परिवर्तनांची संख्या ४४ झाली, तरी संपूर्ण जनुकाचा क्रम वाचणारी चाचणी निराळीच राहते. अशा अहवालावर विसंबून त्या स्त्रीने मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) पुढे ढकलली, तर होणारी हानी आकडेवारीत कुठेच दिसणार नाही.

उलट बाजूही आहे. अशा कंपन्यांकडून कच्ची माहिती, म्हणजे आपल्या जनुकांची अहवालापूर्वीची मूळ नोंद, उतरवून घेऊन ती इतरत्र तपासून घेणारे लोक असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४९ व्यक्तींच्या कच्च्या माहितीतील बदल प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतील ४० टक्के बदल प्रत्यक्षात नव्हतेच.

अनेक जनुकांचा एकत्रित हिशेब करून मधुमेह किंवा हृदयविकाराचा धोका सांगणारे गुणांक तर आपल्यासाठी आणखीच डळमळीत आहेत, कारण ज्या अभ्यासांवर ते उभे आहेत त्यांतील बहुसंख्य सहभागी युरोपीय वंशाचे होते. त्याउलट, एमवायबीपीसी-३ या हृदयाशी संबंधित जनुकातील डीएनएच्या २५ अक्षरांची तूट, जी २००९ मधील संशोधनानुसार दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत आढळते, ती इतरत्र जवळजवळ दिसत नाही. म्हणजे काय शोधायचे, हे आधी आपल्याच लोकांत शोधावे लागते.

कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असेल, तर प्रथम तीन पिढ्यांची माहिती लिहून काढावी, आणि त्यात वडिलांची बाजू वगळू नये. हे दोष पित्याकडूनही तितक्याच शक्यतेने अपत्याकडे येतात. त्यानंतर जनुकीय समुपदेशकाला भेटावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशी सोय आहे. शक्य असेल तेव्हा प्रथम चाचणी निरोगी व्यक्तीची नव्हे, तर कर्करोग झालेल्या नातेवाइकाची करावी, आणि तीही संपूर्ण जनुकाची. त्या नातेवाइकात उत्परिवर्तन सापडले, तर बहिणींमध्ये नेमके तेच शोधता येते; आणि मग एखाद्या बहिणीत ते आढळले नाही, तर त्या विशिष्ट दोषामुळे वाढणारा धोका तिला नाही, असे डॉक्टर तिला खात्रीने सांगू शकतात.