प्रवासातलं इंटरनेट : स्टारलिंक 'रोम'चा वर्षभराचा हिशेब

(दृश्य : ओसाड माळावर उभी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी; टपावर छोटी पांढरी डिश.)

मे 2022 मध्ये स्टारलिंकने, म्हणजे स्पेसएक्सच्या उपग्रह-इंटरनेट सेवेने, आरव्हीतून फिरणाऱ्यांसाठी वेगळी सेवा आणली. अमेरिकेत तिचा दर होता महिन्याला 135 डॉलर, आणि डिशचे 599 डॉलर निराळे. प्रवास संपला की सेवा थांबवता यायची आणि थांबवलेल्या महिन्याचं बिल शून्य यायचं. फिरस्त्यांच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोलाची सोय होती.

2023 मध्ये सेवेचं नाव 'रोम' झालं, दर 150 वर गेला. पुढे अमर्याद डेटाचा प्लॅन 165 डॉलरचा झाला. ही वाढ डोळ्यांना दिसते. ऑगस्ट 2025 मधली मात्र चटकन लक्षात येत नाही. तेव्हा फुकट थांबवायची सोय गेली आणि 'स्टँडबाय' आला, महिन्याला 5 डॉलर. त्यात डेटा कितीही वापरा, वेग 500 केबीपीएस, म्हणजे अगदीच कमी. निरोप, ईमेल, हवामानाचा अंदाज एवढ्यापुरता तो ठीक आहे.

(दृश्य : पडद्यावर आकडेमोड.)

वर्षातून तीन महिने फिरणारं कुटुंब घ्या. 2022 च्या दराने त्यांचा खर्च 405 डॉलर. 165 च्या दराने तीन महिन्यांचे 495, उरलेल्या नऊ महिन्यांच्या स्टँडबायचे 45, मिळून 540. कर सोडून 135 डॉलर जास्त, म्हणजे जुन्या दराचा अख्खा एक महिना. आणि एवढे देऊनही रांगेतली जागा तीच. एखाद्या भागात गर्दी झाली की आधी घरगुती ग्राहकांना वेग मिळतो, रोमवाल्यांना नंतर.

म्हणून प्लॅन निवडण्याआधी डेटा मोजा. 50 डॉलरच्या प्लॅनमध्ये ऑक्टोबर 2025 पासून 50 ऐवजी 100 जीबी मिळू लागले. एचडी व्हिडिओ तासाला साधारण 3 जीबी घेतो. रोज एक तास पाहिला तर महिन्याला 90 जीबी त्यातच संपतात. तोच 480पी वर, म्हणजे कमी दर्जाच्या चित्रात, पाहिला तर तासाला 1 जीबीही लागत नाही. शिवाय फोन कुठल्याही वायफायला मोफत समजतो आणि फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट गुपचूप चालू ठेवतो. प्रत्येक फोनमध्ये हे नेटवर्क 'मीटर्ड', म्हणजे मोजून वापरायचं, असं करून ठेवा.

(दृश्य : बॅटरी, वायर, मिनी डिश.)

विजेचाही विचार हवा. स्टारलिंकची लहान 'मिनी' डिश 25 ते 40 वॅट घेते. आठ तासांना 320 वॅट-तास धरा; 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासाची, म्हणजे साधारण 1200 वॅट-तासांची, लिथियम बॅटरी चांगली भरली असेल तर तीन दिवस सहज निघतात. गडबड होते ती वायरीत. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि डिश पुन्हापुन्हा रीस्टार्ट होते. वायर जाड आणि आखूड ठेवा. यूएसबी-सी वरून चालवायची असेल तर 100 वॅटचं पीडी (पॉवर डिलिव्हरी, यूएसबी-सीची जलद वीजपुरवठ्याची पद्धत) आउटपुट लागतं. 65 वॅटच्या लॅपटॉप चार्जरवर ती अडखळते.

भारतात येताना ही डिश सामानात घालू नका. विनापरवाना उपग्रह उपकरण वापरणं इथे बेकायदा आहे.

आता बिलाची तारीख. महागड्या प्लॅनवर जाणं लगेच होतं; स्वस्त प्लॅन किंवा स्टँडबाय मात्र पुढच्या बिलापासून लागू होतो. प्रवास त्या तारखेच्या दोन दिवस पुढे सरकला, तर दोन दिवसांसाठी पूर्ण महिन्याचे पैसे जातात. निघायची तारीख ठरवताना बिलाची तारीख समोर ठेवा आणि बदल आदल्या दिवशीच नोंदवून टाका.